आईबाबांसोबत आठवडाभर कॉटेज: डिंगल की बरन?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आठवडाभर कॉटेज घ्यायचं ठरलंय, भारतातून आईबाबा येतायत, आणि नकाशावर बोट दोन ठिकाणी अडकलंय: केरीतलं डिंगल आणि क्लेअरमधलं बॅलिव्हॉन, म्हणजे बरन या कातळी प्रदेशाच्या दारातलं गाव. फोटो बघून ठरवू नका, ते दोन्हीकडचे सुंदरच असतात. पाऊस लागला तर दिवस कुठे काढणार आणि जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला कुठे जाणार, ते आधी बघा.

संध्याकाळ डिंगलचीच. कॉटेज गावालगत मिळालं तर सुपरमार्केट, औषधांचं दुकान, बंदर, आइस्क्रीम, सगळं चालत. पबमध्ये फिडल आणि बासरी ऐकायला मिळते. मुलं सोबत असतील तर लवकर जा, मे ते सप्टेंबर त्यांना रात्री दहापर्यंतच बसू देतात, एरवी नऊपर्यंत. पावसात मत्स्यालय आहे. शिवाय डून क्वीनला ब्लास्केट बेटांचं संग्रहालय आहे. 1953 साली शेवटची माणसं त्यातलं मोठं बेट सोडून आली, ती गोष्ट तिथे नीट कळते. गॅलरसचं दगडी प्रार्थनाघर जरूर दाखवा: उलट्या होडीसारखं, चुना न वापरता नुसते दगड रचून बांधलेलं.

पण रस्ते! स्ली हेड या भूशिराला वळसा घालणारा फेरा सुमारे 47 किलोमीटरचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. तो घड्याळाच्या दिशेनेच करा, म्हणजे समोरून बस येऊन अडकायला होत नाही. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, तेवढाच दिलासा. हा आयरिश भाषेचा मुलूख असल्याने पाट्याही आयरिशमध्ये. डिंगल म्हणजे ‘अन डँगन’, हे आधीच लक्षात ठेवा. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी कॉनर पासचा घाट विसरा.

बरन म्हणजे मैलोन्‌मैल राखाडी चुनखडीचा कातळ. कोकणातला सडा पाहिलेल्यांना ओळखीचा वाटेल. मे महिन्यात त्याच्या फटींतून निळी जेन्शियन फुलतात. इथे बघायचं जवळजवळ आहे: पूलनब्रोनची प्राचीन दगडी समाधी रस्त्यालगतच, पावसाच्या दिवशी एलविची गुहा, आणि 214 मीटर उंचीचे मोहरचे कडे. डूलिनहून हंगामात अ‍ॅरन बेटांना बोटी सुटतात, पण समुद्र खवळला की रद्द होतात. तो बेत मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बॅलिव्हॉन मात्र लहानसं गाव, संध्याकाळी धक्क्यावर फिरून आलात की संपलं. डाळ-तांदूळ, कढीपत्ता आणि मोठं रुग्णालय हवं तर तासाभरावर गॉलवे. डिंगलहून मोठं रुग्णालय ट्रलीला, साधारण 50 किलोमीटरवर.

डब्लिनहून बॅलिव्हॉन गाडीने साधारण तीन तास, डिंगल साडेचार. गाडी चालवणारं एकच माणूस असेल आणि आईचे गुडघे दुखत असतील तर मी बरन घेईन. दोघं चालवणारे असतील तर डिंगल, डोळे झाकून. दोन्ही हवं असेल तर किलिमर-टार्बर्ट फेरीबोट गाडीसकट वीस मिनिटांत शॅनन नदी ओलांडून देते.

पैसे भरण्याआधी मालकाला विचारून घ्या: विजेचं बिल भाड्यातच की मीटर बघून वेगळं, आणि खाली एक तरी झोपायची खोली व न्हाणीघर आहे का? काही जुन्या कॉटेजांत खोल्या माळ्यावर असतात आणि जिना शिडीसारखा उभा. फोटोत तो दिसत नाही.