पेपर चालू ठेवायचा की फोनवरच वाचायचं?

शनिवार पेठेतल्या आमच्या मावशी विचारत होत्या, "पेपरवाल्याला एक तारखेपासून बंद सांगू का? फोनवर सगळं येतंच. आणि पेपरवाले म्हणे हल्ली सगळं छापत नाहीत."

खर्चाचं पटकन मिटतं. पेपरचं महिन्याचं बिल येतं, थोडं रद्दीतून सुटतं. फोनवर फुकट, पण रिचार्ज आलाच.

वेगात फोनच पुढे. खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीवरचा भिडे पूल बंद झाला, हे उद्याच्या पेपरात कळून काय उपयोग?

दडपण दोन्हीकडे आहे. पेपर सरकारी आणि बड्या जाहिरातींवर चालतो. बातमी गाळली तर वाचकाला पत्ता लागत नाही. १९७५च्या आणीबाणीत काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ती निदान दिसली तरी. वेबवरचा मजकूर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली अडवतात, तेव्हा आदेश बहुधा गुप्तच राहतो. आपल्याला फक्त व्हिडिओ उघडत नाही.

टिकण्यात माझा कौल कागदाला. 'केसरी'तल्या लेखांवरून १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला धाडलं. घरोघरी गेलेले अंक मात्र परत गोळा करता आले नाहीत. फोनवर सकाळचा मथळा दुपारी बदलतो, मागमूस राहत नाही. म्हणून मी महत्त्वाची कात्रणं आजही तारीख घालून फायलीत लावते.

मावशी, तुम्ही निवांत वाचता, कात्रणं जपता; तुम्ही पेपर ठेवा. रोज पूल ओलांडून कामाला जाणाऱ्या तुमच्या सुनेला फोन पुरे.