क्लोई की सायरन्स? मेलबर्नमध्ये एकच चित्र दाखवायचं असेल तर

आई-बाबा मेलबर्नला आले आहेत आणि शहरासाठी एकच दुपार आहे. मग फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या यंग अँड जॅक्सन हॉटेलातल्या बारमधलं ‘क्लोई’ हे चित्र दाखवावं, की पूल ओलांडून एनजीव्हीमधलं (नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया) इंग्रज चित्रकार वॉटरहाउसचं ‘युलिसिस अँड द सायरन्स’?

इतिहास बघितला तर क्लोईचं पारडं जड आहे. फ्रेंच चित्रकार लफेव्रने १८७५ साली पॅरिसमध्ये रंगवलेली ही नग्न जलअप्सरा १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी इथे आली. इथले सर्जन डॉ. फिट्झजेराल्ड यांनी ती ८५० गिनींना घेतली आणि १८८३ मध्ये सरकारी गॅलरीत लावायला दिली. रविवारी नग्न चित्र लोकांपुढे ठेवल्यावरून एवढा गदारोळ झाला की तीन आठवड्यांत ती उतरवावी लागली. १९०९ पासून ती या हॉटेलात आहे. पहिल्या महायुद्धावर निघालेल्या कितीतरी सैनिकांनी तिच्यासमोर निरोपाचा ग्लास घेतला. हे माहीत असलं की जिना चढतानाच मन भरून येतं.

पण अडचण येते ती वर गेल्यावर. बार म्हटलं की टेबलं आलीच, त्यात दोष कुणाचाच नाही. पण मला चित्र जवळून बघायचं असतं, आणि जवळ जायचं म्हणजे जेवणाऱ्या अनोळखी माणसांच्या डोक्यावरून वाकायचं. क्लोईच्या पायाशी प्रकाश कसा पडलाय ते बघावं, तर खालून कुणीतरी मान वर करून आपल्याकडे बघतं. आई-बाबा बरोबर असले की तो संकोच दुप्पट होतो. मी तरी दर वेळी लांबूनच बघून परतलो.

सायरन्ससमोर मात्र हवं तितकं उभं राहता येतं. ग्रीक कथेतल्या सायरन्स गाण्याने खलाशांना भुलवून मृत्यूकडे ओढतात. दोन मीटर रुंद चित्र, ते गाणं ऐकूनही वाचावं म्हणून डोलकाठीला बांधलेला वीर युलिसिस, ते ऐकू येऊ नये म्हणून कान बांधून वल्ही मारणारे खलाशी आणि भोवती सायरन्स, म्हणजे स्त्रीमुखाचे सात पक्षी. एक तर नावेच्या काठावर बसून खलाशाच्या तोंडाशी तोंड नेऊन गातेय. अजिंठ्यातले पक्ष्यांच्या अंगाचे किन्नर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे रूप परकं वाटत नाही. माझ्या आईने तर गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय तिथून हलूच दिलं नाही.

तुमची आवड वेगळी असू शकते, आणि एकटे असाल तर क्लोईकडे जरूर जा. घरच्यांबरोबर असाल तर मी आधी गॅलरीत नेईन. ती पाचला बंद होते, बार रात्रीपर्यंत उघडा असतो.