वर्धा रोडवर मेट्रोखालचा गाळा : चार वर्षं दुकान चालवून लिहितेय

माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको, थोडी लेस. 2021 च्या दिवाळीआधी नागपुरात छत्रपती चौकाजवळ, वर्धा रोडच्या पूर्वेच्या अंगाला 180 चौरस फुटांचा गाळा भाड्यानं घेतला. आता माझ्या मावसबहिणीला कामठी रोडवर इंदोऱ्याकडे गाळा घ्यायचा आहे. रोज रात्री फोन येतो, "घेऊ का वं?" तिच्यासारख्या बऱ्याच जणी विचारात असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे नुसती मेट्रो नाही, तीन मजले आहेत. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. 3.14 किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाचं नाव 2022 मध्ये गिनीज बुकात गेलं. मधला पूल नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाला. त्याआधी इथं छत्रपती चौकाचा जुना उड्डाणपूल होता, तो 2016 च्या अखेरीस पाडला आणि पुढची चार वर्षं बॅरिकेड आणि धूळ. तेव्हा ज्यांनी इथं दुकान टिकवलं त्यांना माझा नमस्कार आहे. मी सगळं आयतं झाल्यावर आले.

गाळा दाखवायला आलेला एजंट एकच वाक्य घोकत होता, "ताई, समोर मेट्रो आहे, भाडं तेवढं राहीनच ना." समोर मेट्रो आहे हे खरं, पण समोर म्हणजे कुठं? दुकानाला उपयोग जिन्याचा असतो. स्टेशनचा जिना ज्या अंगाला उतरतो, माणूस त्या अंगाला चालतो. संध्याकाळी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आलेल्या बायका नरेंद्रनगरला जायच्या असल्या तर माझ्या बाजूला उतरतात, खामल्याच्या असल्या तर पलीकडे. पलीकडच्या बाईला चार पावलांवरचं माझं दुकान दिसतं, पण डिव्हायडरचा कट लांब आहे, हातात पिशव्या आहेत, ती येत नाही. माझ्यापासून जेमतेम शंभर पावलं पुढं असलेला एक गाळा या चार वर्षांत तीनदा रिकामा झाला. भाडं तेच, पण जिना त्याच्या अलीकडेच संपतो.

बोर्डाचंही असंच. मी हौसेनं मोठा बोर्ड केला, तो बरोबर पिलरच्या मागं गेला. मधल्या पुलावरच्या गाड्या विमानतळाकडे सुसाट जातात, त्यांना खालचं काही दिसत नाही. त्या गाड्या वर गेल्याचा मला फायदाच झाला, खालचा रस्ता वस्तीतल्या माणसांना मोकळा मिळाला. पण ज्यांचा धंदा बाहेरगावच्या गाडीवाल्यावर आहे, त्यांनी दहादा विचार करावा.

आता उजेडाचं सांगते, कारण हे मला गाळा घेताना कोणीच सांगितलं नाही. मॅचिंगचा धंदा उजेडावर चालतो. बाई साडीचा पदर उघडते, मी ताका उलगडते, आणि दोघी दारात जातो. "उजेडात पाहू द्या ना ताई" हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा ऐकते. बर्डीच्या दुकानात नोकरीला होते तेव्हा दारात गेलं की फैसला व्हायचा. इथं दारात गेलं की वर दोन पूल. सावलीत राणी रंग जांभळट दिसतो, डाळिंबी मातकट दिसतो. पहिल्या दोन महिन्यांत अकरा ब्लाउजपीस परत आले, तेही कापून झालेले. पैसे मी दिले, कारण चूक माझीच धरायला हवी. शेवटी काउंटरवरच्या निळसर पांढऱ्या ट्यूब काढून उन्हासारखा उजेड देणारे दिवे लावले आणि मोरपंखीसारख्या अवघड रंगाला गिऱ्हाइकासोबत पूल संपतो तिथवर चालत जाते. दिव्यांचा खर्च भाड्यात धरा.

तीच सावली मे महिन्यात मात्र वरदान आहे. माझं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी चारचं ऊन सरळ काउंटरवर यायला हवं, पण ते पुलावर अडतं. उन्हाळ्यात एरवी सहाच्या आधी बाई घराबाहेर पडत नाही, माझ्याकडे साडेचारला येतात. लग्नसराईत या दीड तासाची किंमत मोठी आहे.

गिऱ्हाईक वाढलं का? वाढलं, पण वेगळं. मेट्रो माझ्याकडे बाई आणते आणि तिलाच बर्डीलाही नेते. चार स्टेशनं पुढं गेलं की मॅचिंगची दुकानंच दुकानं. लेस आणि फॅन्सी मालात मी बर्डीशी लढूच शकत नाही, तो माल मी कमी केला. पण फॉल-पिकोला दोनदा यावं लागतं, आणि त्यासाठी कोणी बर्डीला दोनदा जात नाही. म्हणून मी अकराऐवजी नऊला शटर उघडते. विमानतळापलीकडे मिहानच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या मुली गाडी पकडायच्या आधी साडी टाकतात, संध्याकाळी उतरताना तयार घेऊन जातात. दुसरी पिको मशीन याच कामाच्या जोरावर घेतली.

तक्रार आहे ती मालकाची आणि कागदाची. कॉम्प्लेक्सचं पार्किंग दाखवून गाळा दिला, सहा महिन्यांत ती जागा एका गोडाऊनला भाड्यानं दिली. स्कूटीवाल्या बाया रस्त्यावर लावतात, मग त्यांचा जीव गाडीत अडकलेला. करारात पार्किंगचा शब्दही नव्हता. दर अकरा महिन्यांनी "मेट्रो आहे" म्हणून भाडं वाढतं. आणखी एक: नागपुरात मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय (प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम) मिळू शकतो. म्हणजे जुनी दुमजली इमारत पाडून टॉवर बांधायचा मोह प्रत्येक मालकाला आहे. तुम्ही फर्निचर करून बसाल आणि तो रिकामं करायला सांगेल. निदान तीन वर्षांची हमी लिहून घ्या. विकत घेत असाल तर मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या 1 टक्का मेट्रो अधिभारही धरा.

एवढं असून मी हा गाळा सोडणार नाही. जिना जवळ आहे, धंदा बसला आहे.

कामठी रोडचा डबल डेकर 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, आमच्यापेक्षा लांब आहे, त्याखालची सावलीही तेवढीच लांब. बहिणीला सांगितलंय, सही करू नकोस. शनिवारी संध्याकाळी सहाला मी तिच्याबरोबर इंदोरा चौकात जाणार आहे. आधी जिन्याखाली उभं राहून माणसं कुठं वळतात ते बघू, मग पिशवीतून एक राणी आणि एक डाळिंबी ब्लाउजपीस काढून त्या गाळ्याच्या दारात धरून पाहू.