परदेशी सेवेहून निघताना मागे ठेवलेला पल्स ऑक्सिमीटर: वापरानंतरचा अनुभव

परदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्वयंसेवक डॉक्टर म्हणून काही महिने काम केलं. जाताना सोबत हातात मावणारा, वायरवाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलाय ते दाखवणारं यंत्र) नेला होता. येताना तो आणला नाही, वॉर्डातच ठेवला. तसंच ठरवून नेला होता. म्हणून यंत्राबरोबरच ते सोपवून निघण्याबद्दलही लिहितोय.

बोटाला लावायचा छोटा क्लिपवाला ऑक्सिमीटर अशा कामाला नेऊ नका. मोठ्या माणसांना तो चालतो, पण आमच्याकडे बहुतेक रुग्ण लहान मुलं होती आणि तान्ह्या बाळाच्या बोटावर तो बसतच नाही. वायरवाल्याला प्रोब, म्हणजे अंगाला लावायचा सेन्सर, बदलता येतात: मोठ्यांसाठी क्लिप, बाळाच्या पायाला गुंडाळायला मऊ पट्टा. साध्या एए सेलवर चालणारं यंत्र घ्या. आतली बॅटरी गेली की तिथे दुरुस्त करणारं कोणी नसतं. आणि स्क्रीनवर नाडीची लाट दिसलीच पाहिजे. लाट नीट उमटत नसेल तर आकड्यावर विसंबायचं नाही, हे सिस्टरांना मी सगळ्यात आधी शिकवलं.

एक रात्र सांगतो. न्यूमोनियाचं बाळ आलं. छाती आत ओढली जात होती, पण मिणमिणत्या दिव्यात ओठांचा निळेपणा काही कळेना. ड्यूटीवरच्या सिस्टरनी बाळाचा गार पाय आधी दोन्ही तळव्यांत धरून गरम केला, मग पट्टा गुंडाळला आणि लाट स्थिर होईपर्यंत थांबल्या. 84. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे 90 च्या खाली ऑक्सिजन द्यायचा. त्यांनी नाकात प्रॉंग्ज (ऑक्सिजनच्या छोट्या नळ्या) लावले, मिनिटाला एक लिटर सुरू केला आणि थोड्या वेळाने आकडा 93 वर आला. मी शेजारीच उभा होतो, मला एक शब्दही बोलावा लागला नाही. माझ्यासाठी या यंत्राची सगळी किंमत त्या रात्री वसूल झाली.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांच्या शोषणातला फरक हे यंत्र मोजतं. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरात सापडलेल्या माणसात ते फसतं, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं. मलेरियाने रक्त पार कमी झालेल्या मुलाचं सॅच्युरेशन, म्हणजे यंत्रावरचा हा टक्क्यांचा आकडा, 98 येऊ शकतं आणि तरी ते मूल गंभीर असतं. गडद त्वचेवर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात ठळकपणे पुढे आलं. म्हणून 91-92 आलं तरी धाप लागलेल्या मुलाला आम्ही मोकळं सोडत नव्हतो.

आता निघण्याबद्दल. सिस्टरांनीच ते वापरावं म्हणून शेवटच्या महिन्यात राउंडला मी यंत्राला हात लावणं बंद केलं. ते कुठे राहणार यावरही बरीच चर्चा झाली. महाग वस्तू म्हणून ते कपाटात कुलपाखाली ठेवायचं असं आधी ठरत होतं, पण रात्री किल्ली कोणाकडे असणार? शेवटी रात्रपाळीच्या टेबलावर डबा, ड्यूटी बदलताना रजिस्टरमध्ये सही, आणि त्याच रजिस्टरच्या पहिल्या पानावर प्रोबचा मॉडेल नंबर असं पक्कं झालं.

रुग्णांचा निरोप घेणं जास्त जड गेलं. फिट्स येणाऱ्या एका मुलीच्या आईने विचारलं, ‘पुढच्या वेळी हिला कोण बघणार?’ सुदैवाने तिथले कायमचे डॉक्टर त्याच खोलीत होते. शेवटचे काही आठवडे ज्यांना पुन्हा यायचं होतं त्या सगळ्यांना आम्ही दोघांनी मिळून तपासलं होतं. गोळीचा डोस, पुढची तारीख, काय झालं तर लगेच यायचं, हे सगळं तिला त्यांनीच सांगितलं. मी फक्त तिचा हात हातात घेतला. ‘पुन्हा येईन’ म्हणण्याचा मोह फार होतो, पण येणं पक्कं नसेल तर म्हणू नका. लोक खरोखर वाट बघतात.

निरोपाच्या संध्याकाळी सिस्टर गायल्या, माझा गळा दाटून आला, भाषण अर्धवटच राहिलं.

यंत्राबद्दल माझी तक्रार एकच: प्रोबची वायर प्लगजवळ वाकून वाकून तुटते. मी परतल्यावर मोठ्यांचा प्रोब तसाच गेला. सिस्टरनी रजिस्टरमधला नंबर पाठवला म्हणून बरोबर तोच पाठवता आला. तोवर बाळांचा पट्टा मोठ्या माणसांच्या बोटाला गुंडाळून त्यांनी काम चालू ठेवलं होतं. तुम्ही नेणार असाल तर त्याच कंपनीचे जादा प्रोब, मोठ्यांचे आणि बाळांचे दोन्ही, यंत्राबरोबरच विकत घ्या.