चावीची पेटी, पितळी कर्णा की विजेचा टर्नटेबल? माळ्यावरच्या तबकड्यांसाठी काय घ्यावं

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला काढला, की माळ्यावरून ग्रामोफोनच्या तबकड्यांचा गठ्ठा हमखास खाली येतो. पाकिटं उंदरांनी कुरतडलेली, लेबलं काळवंडलेली, पण तबकड्या शाबूत. आता या वाजवायच्या कशावर, असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात पितळी कर्णा आधीच ठाण मांडून बसलेला असतो. पर्याय खरं तर तीन आहेत आणि कर्णा त्यांतला सगळ्यात कमजोर.

आधी गठ्ठा सोडा. तबकडी जड आणि कडक असेल, टिचकी मारली की कौलासारखी वाजत असेल, एका बाजूला एकच गाणं असेल, तर ती लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. १० इंचीची एक बाजू तीनेक मिनिटं चालते, १२ इंचीची चार-साडेचार. हलकी, लवणारी, ३३ किंवा ४५ छापलेली तबकडी विनायलची. ती चावीच्या ग्रामोफोनवर चुकूनही चढवू नका. चावीच्या यंत्रात पोलादी पिनेवर १०० ग्रॅमहून जास्त भार असतो, टर्नटेबलची सुई दोन ते पाच ग्रॅमवर चालते. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ती तबकडी पिनेलाच घासून आपल्या खाचेच्या मापाची करून घेते. म्हणून तर दर बाजूला नवी पिन लावायची. विनायलवर मात्र पिन खाच खरवडत जाते; एकदा वाजवली की एलपी, म्हणजे ३३ फेऱ्यांची विनायलची तबकडी, कामातून गेली. गठ्ठ्यात नुसत्या एलपी निघाल्या तर विचार करायला काही उरत नाही, सरळ टर्नटेबल घ्या.

पितळी कर्णा

हॉटेलांच्या दारात आणि ऑनलाइन दिसणारे चकचकीत कर्ण्याचे ग्रामोफोन बहुतेक अलीकडे जुळवलेले आहेत. पेटी नवी, कर्णा नवा, वर कुत्र्याचं लेबल, आणि आतली मोटर बऱ्याचदा कुठल्यातरी मोडलेल्या पोर्टेबलची. म्हणजे एका शोभेच्या वस्तूपायी एक बरी पेटी भंगारात गेली. माझा राग त्यावर आहे. भांडीबाजारात तांबं-पितळ हाताने पारखणाऱ्या नाशिककराला हा माल ओळखणं जड जाऊ नये: कर्ण्याची कड दाबा, पातळ पत्रा बोटाखाली लवतो. टोनआर्म, म्हणजे पिनेकडचा आवाज कर्ण्यात नेणारी पोकळ नळी, कर्ण्याला जिथे मिळतो तिथे फट राहिलेली असते आणि आवाज तिथेच गळतो. टोनआर्मचं माप चुकलेलं असलं की पिन खाचेत तिरकी घासते, ते वेगळंच. दिवाणखान्यात मिरवायला खुशाल घ्या, पण 'अँटिक' म्हणून सांगितलेला भाव देऊ नका.

चावीची पेटी: १०१ की १०२

माझं मत पेटीच्या, म्हणजे पोर्टेबलच्या बाजूने आहे. पोर्टेबलमध्ये डेक्का कंपनीची जुनी. पहिल्या महायुद्धात ती खंदकांपर्यंत गेली होती. कोलंबियाच्याही पेट्या चांगल्या. पण आपल्याकडे हाताला लागते ती एचएमव्हीची. तिचं १०१ मॉडेल १९२५ चं, १०२ हे १९३१ चं, आणि १०२ पुढे पंचवीसहून जास्त वर्षं बनत राहिलं. त्यामुळे १०२ जास्त सापडते आणि तिचे सुटे भागही त्यामानाने लवकर मिळतात.

दोन्हींत कर्णा पेटीच्या पोटात दुमडलेला असतो, आवाज मागून निघून झाकणावर आपटून पुढे येतो. तेव्हा झाकण अर्धवट मिटून वाजवण्यात अर्थ नाही. १०२ चा कर्णा जास्त लांब आहे, म्हणून तिचा खालचा आवाज भरलेला लागतो. विजेवरचं ध्वनिमुद्रण परदेशात १९२५ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या काळातली नाट्यगीतं, भावगीतं, ख्याल तुमच्या गठ्ठ्यात असतील तर १०२ घ्या. त्याआधीच्या, गायकाने भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्या जास्त असतील तर अभ्रकाचा पडदा असलेल्या साउंडबॉक्सची (पिनेची थरथर पडद्यावर घेऊन आवाज काढणाऱ्या डबीची) १०१ मला जास्त आवडते. त्या तबकड्यांत मुळात जेवढं आहे तेवढं ती मोकळेपणाने देते. पण हा आवडीचा भाग झाला. बाजारात सुस्थितीतली १०१ आणि मोडकी १०२ असा पेच पडला तर मॉडेलचा हट्ट सोडा.

पेटी दुकानात किंवा बुधवारच्या बाजारात पाहाल तेव्हा बाहेरच्या रेक्झिनवर जाऊ नका, ते नंतर चिकटवता येतं. आधी चावी द्या. हाताला एकसारखा ताण लागला पाहिजे. मधेच चावी सुटून मागे येत असेल तर ते काम खर्चाचं. वाजताना आतून 'ठक्' असा धक्का येत असेल तर घाबरू नका. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून घट्ट झालंय, वेटोळी चिकटून एकदम सुटतात, एवढंच. मग थाळीवर तबकडी ठेवून तिच्या कडेखाली कागदाचा कपटा अडकवा, पिन टेकवून गाणं चालू करा आणि फेऱ्या मोजा. २० सेकंदांत २६ भरल्या की वेग बरोबर. गाण्याच्या शेवटी पुन्हा मोजा. तोवर वेग ढासळला असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, कोरडा पडला आहे.

शेवटी साउंडबॉक्स हातात घ्या. पडद्याच्या कडेचं रबर नखाने दाबा. जुनं रबर दगड झालेलं असतं आणि त्यापायी आवाज फाटतो. ते बदलता येतं. पण मागची बाजू जस्ताच्या मिश्रधातूची असून तिला केसासारख्या चिरा पडल्या असतील तर दुसरा साउंडबॉक्स शोधावा लागेल, आणि तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

दुरुस्ती नाशकात अडत नाही. गव्हर्नरच्या बेअरिंगला शिवणयंत्राचं तेल चालतं, आणि चावीच्या घड्याळात हात बसलेला कारागीर गिअर साफ करून देतो. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नका. कित्येक फूट लांबीची पोलादी पट्टी त्यात दाबून बसवलेली असते. ती उसळली तर बोट फाडते.

विजेचा टर्नटेबल

यात रोमान्स काही नाही, पण तबकडी सर्वांत कमी झिजते आणि आवाज संगणकात उतरवता येतो. बारा भानगडी सोडून फक्त दोन गोष्टी विचारा. यंत्रावर ७८ चा वेग आहे का? आणि ७८ ची सुई वेगळी मिळते का? ही सुई साधारण ३ थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश मापाची लागते. एलपीची सुई हजारांशाहूनही बारीक असते, ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. सूटकेसच्या आकाराच्या स्वस्त यंत्रांवर ७८ च्या वेगाचं बटण असतं आणि ७८ ची सुई नसते, आणि मग लोक म्हणतात तबकडीच खराब आहे.

तबकड्या बऱ्या, नेहमीच्या आणि दोन-तीन डझन असतील तर १०२ घ्या; पाव्हणे आले की रविवारी चार गाणी लावायला तिच्यासारखं काही नाही. एखादी तबकडी दुर्मीळ वाटली तर ती पेटीवर चढवू नका, आधी टर्नटेबलवरून नक्कल करून घ्या. धूळ पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यात लाख विरघळते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा, लेबल भिजू देऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या परत ठेवू नका, उष्णतेने वाकतात. त्या खालच्या कपाटात, उभ्या.