एसपीएफ की डीकेआयएम: विद्यापीठाने जोर कशावर द्यावा?

कुलगुरूंच्या नावाने येणारे तोतया ईमेल रोखायचे, तर एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच त्या नावाचा आहे का हे तपासायच्या दोन वाटा समोर येतात. एसपीएफमध्ये विद्यापीठ डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत) जाहीर करतं: आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी फक्त या सर्व्हरना. मांडायला सोपं. पण प्रवेश विभाग, ग्रंथालय, माजी विद्यार्थी संघ असे सगळेच आपापल्या बाहेरच्या सेवांतून मेल धाडतात, आणि एसपीएफ तपासताना डीएनएसकडे जास्तीत जास्त १० चौकशा चालतात. यादी फुगली की तपासणीच कोलमडते. शिवाय मेल मिळणाऱ्याने तो आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळवला असेल, तर मधला सर्व्हर यादीत नसल्याने खरा मेलही नापास!

डीकेआयएम मेलवरच डिजिटल सही करतं. मेल वळवला तरी मजकूर जसाच्या तसा असेल तर सही टिकते. मात्र प्रत्येक सेवेसाठी सहीची डिजिटल किल्ली बसवायची, म्हणजे प्रत्येक विभागाच्या मागे लागायचं. तरीही मी कष्ट इथेच घालेन.

एक गोम आहे. एसपीएफ पाकिटावरचा (मेल पोचवताना सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा) पत्ता तपासतं, वाचणाऱ्याला दिसणारा नव्हे. डीकेआयएमची सहीही भलत्याच डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) असू शकते. दिसणाऱ्या पत्त्याशी जुळणी डीमार्क ही या दोहोंवर बेतलेली तिसरी तपासणी करते, आणि तिला दोहोंपैकी एक पास होऊन जुळलं तरी पुरतं.