सिंहछाप ‘कदंब’ नाणी, वाजणारं मशीन आणि माझे ८५,००० रुपये

आकडा आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तोच आधी विचारतो. जमिनीतला धातू शोधणाऱ्या मशीनचं भाडं ४,०००. ‘लॅब रिपोर्ट’ ३,५००. ‘पुरातत्त्व नोंदणी’ १२,५००. आणि मशीनवाल्याचा ‘अर्धा हिस्सा’ म्हणून रोख ६५,०००. एकूण ८५,०००. बदल्यात सोन्याचं पाणी चढवलेल्या दोन पितळी चकत्या.

शेतात आधी माल पुरायचा आणि मग मशीन फिरवून तोच उकरून काढायचा, हा धंदा तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होता. तांदूळ खेचणाऱ्या ‘जादूच्या’ भांड्याच्या (राइस पुलरच्या) नादानं बुडालेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हसलोही आहे. त्यामुळे ‘लोभ नडला’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. हा माणूस गुप्तधन, नाग, मुहूर्त असलं काही बोललाच नाही.

भात कापून झालं होतं. गोव्यात डिचोली तालुक्यातलं आमचं मोरड, म्हणजे चढावरचं शेत, रिकामं पडलं होतं. ओळखीतल्या एकाच्या ओळखीनं तो आला. सुरुवातीला जे निघालं ते सगळं खरं होतं: नांगराचा मोडका फाळ, गुराच्या गळ्यातली पितळी घंटा, पांढरं पूट चढलेली शिशाची बंदुकीची गोळी, आणि पोर्तुगीज राजा लुईसच्या काळातलं १८८१ चं तांब्याचं पाव टांगा. प्रत्येक वस्तू त्यानं बरोबर ओळखली. शिशावर पांढरं पूट का चढतं, तांबं ओल्या मातीत हिरवं का पडतं, सगळं समजावून सांगितलं. वर म्हणाला, “भाटकार (म्हणजे जमीनमालक), ह्याचे काही येत नाहीत. पोरांना दाखवायला ठेवा.” खऱ्या वस्तूची किंमत जो फुगवत नाही, त्याच्यावर तुम्ही तरी संशय घेतला असता?

मग आली ती सोन्याची जोडी. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरं. त्यानं वाचून दाखवलं, ‘श्री सप्तकोटीश्वर लब्ध वर प्रसाद’. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या सोन्याच्या नाण्यांवर हे शब्द खरोखरच असतात, लबाडी इथेच आहे. सप्तकोटीश्वर हे कदंबांचं दैवत. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं त्याचं देऊळ नार्व्याला, आमच्या तालुक्यातच. आपल्या मातीतून आपल्याच देवाचं नाव वर आलं तर माणूस हात जोडेल की भिंग शोधेल?

आणि तरीही ते दिसलं होतं, हेच रात्री झोपू देत नाही. मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून दोन्ही नाणी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा दोघांच्या कडेला, सिंहाच्या शेपटीपाशी, एकसारखी बारीक खाच होती. तीच जागा, तीच खोली. मी विचारलंसुद्धा. तो हसला, “एकाच ठशाची नाणी आहेत, भाटकार.” उत्तर पटण्यासारखंच होतं. ठशाला तडा असेल तर तो त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उमटतोच. पण कडेची खाच ठशातून येत नाही! ती नाणं हातोहात फिरताना, आपटताना पडते, प्रत्येकावर वेगळी. एका खऱ्या नाण्यावरून साचा घेतला आणि त्यात धातू ओतला, की त्या नाण्याची जखमसुद्धा प्रत्येक नकलेवर उतरते. शिवाय खऱ्या सोन्याला कळंक चढत नाही, आणि ह्या नाण्यांच्या खाचेत हिरवट काहीतरी होतं. मी त्याला शेवाळ समजलो. शेतातून निघालेल्या वस्तूवर शेवाळ असणार, ह्यात वावगं काय होतं?

मशीनचंही ऐका. आमच्याकडची माती लोहखनिजाची. साधं मशीन अशा जमिनीवर सारखं किरकिरतं, तसं ते आधीही किरकिरत होतं. नाणी निघाली त्या दिवशी मात्र आख्ख्या मोरडात गप्प राहून एकाच कोपऱ्यात वाजलं. तुमच्या तांबड्या मातीत मशीन असं शहाण्यासारखं वागलं तर आधी तो कोपरा बघा, माती ताजी उकरलेली आहे का ते.

तो म्हणाला, नाणी तुम्हीच ठेवा, मला गावी लग्न आहे, माझा हिस्सा रोख द्या. रिपोर्टवर ‘९१.६ टक्के सोनं’ छापलेलं होतं. रिपोर्ट खोटा असेल किंवा खरा, फरक पडत नाही. सोनं तपासायचं ते लॅबचं यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचतं, जाड पाणी चढवलं की फसतं. आमच्या शेटनं, म्हणजे सोनारानं, काय केलं? नाणं दोऱ्याला टांगून पाण्यात तोललं. हवेत ४.२ ग्रॅम, पाण्यात ३.७. बावीस कॅरेट असतं तर ३.९६ च्या आसपास भरलं असतं. पाच मिनिटांचं काम, एक पैसाही घेतला नाही. पैसे देण्याआधी तोला, नंतर नाही.

आता सरकारी दारं. पोलीस स्टेशनवर पहिला प्रश्न माझ्यावरच, “काका, तुम्ही खणलंत कशाला?” १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते, हे मला तिथे सुनावलं. बरं, नाणी खोटी आहेत म्हटलं, तर “मग सापडलं काय? हा तुमच्या दोघांतला व्यवहार, दिवाणीत जा.” म्हणजे खरं असतं तर मी गुन्हेगार, खोटं आहे तर गुन्हाच नाही! फसवणुकीच्या चारशेवीस कलमाचं आता ३१८ झालंय एवढं मात्र त्यांनी अगत्यानं सांगितलं. दुसऱ्या कार्यालयात सायबरवाले म्हणाले, रोख रकमेशी आमचा संबंध नाही. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी नाणी बघितली, “बनावट” म्हणाल्या आणि परत ढकलली. तेच कागदावर लिहून द्या म्हटलं तर, “बनावट वस्तूचा दाखला आम्ही देत नाही.” तक्रार घ्यायला कोणी नाही, पण मान हलवायला प्रत्येक टेबलावर एक जण बसलाय.

तक्रार घेतली नाही तर ती लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १७३ (४) तेच सांगतं. मी पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. पुरातन वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या कायद्यानं परवाना लागतो, तो आधी मागा. आणि पुरातत्त्वाची नोंदणी कोणीही त्रयस्थ माणूस खिशातल्या शिक्क्यानं करून देत नाही.

परवा सत्तरी तालुक्यातल्या एका नातेवाइकानं फोटो पाठवला. तोच सिंह, शेपटीपाशी तीच खाच. त्याला हिस्सा सांगितलाय ७५,०००. मी लगेच फोन करून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मशीन तर वाजलं होतं ना?”